म्यूऑनच्या चौकटीत तर पृथ्वीवरचीच घड्याळे मंद चालतात. मग हिशेब जुळतो कसा?

शिक्षिका_गिरगाव

नमस्कार. मी गिरगावात पदवीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची भौतिकशास्त्राची शिकवणी घेते. गेल्या आठवड्यात विशिष्ट सापेक्षता सिद्धांत शिकवताना मी म्यूऑन या अल्पायुषी मूलकणाचे नेहमीचे उदाहरण घेतले आणि एका विद्यार्थिनीच्या प्रश्नापाशी अडले. “पुढच्या तासाला सांगते,” असे तिला म्हणाले खरे, पण त्यानंतर दोन रात्री कागद घेऊन बसले तरी माझे मलाच पटेल असे उत्तर सापडले नाही. म्हणून येथे सविस्तर मांडते आहे.

वर्गात मी सांगितले ते असे. अवकाशातून येणारे विश्वकिरण, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, वातावरणाच्या वरच्या थरांतील अणुकेंद्रांवर आदळतात. त्यातून पायऑन नावाचे कण निर्माण होतात आणि विद्युतभारित पायऑनच्या क्षयातून म्यूऑन जन्मतात. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.१९७ मायक्रोसेकंद असते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केवळ ६५९ मीटर जातो. हे म्यूऑन जन्मतात मात्र १५ किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर, आणि तरीही समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण एक या प्रमाणात ते जात असतात.

आकडे सोपे व्हावेत म्हणून मी गॅमा, म्हणजे वेगामुळे काळ किती पट ताणला जातो ते सांगणारा गुणक, २० धरला; म्हणजे वेग प्रकाशाच्या ०.९९८७५ पट. जमिनीवरच्या घड्याळाप्रमाणे १५ किलोमीटरच्या प्रवासाला ५०.१ मायक्रोसेकंद लागतात. काळ सर्वांसाठी एकच असता तर आठ अब्ज म्यूऑनमागे जेमतेम एक खाली पोहोचला असता. परंतु म्यूऑनचे घड्याळ आपल्या दृष्टीने विसाव्या हिश्श्याने चालते, त्याच्या हिशेबी केवळ २.५ मायक्रोसेकंद सरतात, आणि म्हणून शंभरातील सुमारे ३२ म्यूऑन खाली येतात.

यावर त्या मुलीने विचारले: “मॅडम, म्यूऑनच्या चौकटीत, म्हणजे म्यूऑनबरोबर जाणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने, म्यूऑन स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याकडे धावत येते आहे. म्हणजे तिथून पाहिले तर पृथ्वीचेच घड्याळ विसाव्या हिश्श्याने चालले पाहिजे. म्यूऑनचे २.५ मायक्रोसेकंद झाले तेव्हा पृथ्वीच्या घड्याळाचे ०.१२५ मायक्रोसेकंदच झाले असणार. मग तेच घड्याळ ५०.१ कसे दाखवते?”

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मी पाहिलेल्या कोणत्याही क्रमिक पुस्तकाने तो या रूपात घेतलेला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_प्राध्यापक

बाई, प्रश्न नेमका मांडलात, त्याबद्दल आधी आपल्या विद्यार्थिनीचे कौतुक. सुरुवातीला एक गोष्ट पक्की धरून ठेवावी, ती अशी की म्यूऑन जमिनीला लागला की नाही, याविषयी दोन चौकटींत मतभेद होऊच शकत नाही. एका जागी, एका क्षणी घडलेली घटना ही सर्वांसाठी घटनाच असते. मतभेद होतो तो फक्त दोन घटनांमधील अंतर आणि काळ किती, याबद्दल.

म्यूऑनच्या चौकटीत त्याचे आयुष्य वाढत नाही, ते २.१९७ मायक्रोसेकंदच राहते. तिथे आखडते ते वातावरण. १५ किलोमीटरचा थर विसाव्या हिश्श्याने, म्हणजे ७५० मीटर जाडीचा होतो, आणि प्रकाशाच्या ०.९९८७५ पट वेगाने येणाऱ्या या थराला म्यूऑनला ओलांडून जायला २.५ मायक्रोसेकंद लागतात. आपण कालविस्तार म्हणून सांगतो तीच गोष्ट म्यूऑन लांबीचे आकुंचन म्हणून सांगतो. दोघांच्या मते वाचणाऱ्यांचे प्रमाण तेच, शंभरात ३२.

या विषयाशी मुंबईचे एक जुने नाते आहे आणि ते वर्गात सांगण्याजोगे आहे. अस्थिर कण हे घड्याळ मानता येईल आणि म्हणून तो वेगात असताना त्याचा क्षय उशिरा झाला पाहिजे, असे होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना १९३८ साली ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात लिहिले होते. भाभांचा जन्म याच शहरातला, १९०९ सालचा. त्या टिपणाचा विषय युकावा यांनी १९३५ मध्ये सुचवलेला कण हा होता. अँडरसन आणि नेडरमायर यांना विश्वकिरणांत नुकताच सापडलेला कण तोच असावा, असा तेव्हाचा समज होता. तो पुढे चुकीचा ठरला, कारण युकावांचा कण म्हणजे पायऑन १९४७ साली वेगळा सापडला आणि आधीचा कण म्यूऑन म्हणून ओळखला जाऊ लागला. पण भाभांच्या युक्तिवादाला त्याने काहीच बाधा आली नाही, कारण तो कोणत्याही अस्थिर कणाला लागू पडतो. १९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात दोन वेगवेगळ्या उंचींवर मोजणी करून दाखवले की कमी वेगाचे म्यूऑन अधिक लवकर नाहीसे होतात आणि हे प्रमाण सिद्धांताशी जुळते. प्रयोग व्हायच्या तीन वर्षे आधी केवळ “हा कण म्हणजे घड्याळ” एवढ्या एका विचाराने भाभांनी हे सांगितले होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

शिक्षिका_गिरगाव

सर, मनापासून आभार. भाभांच्या टिपणाविषयी मला माहीत नव्हते, ते मी नक्की सांगेन. तथापि माझी अडचण थोडी पुढची आहे. वातावरण ७५० मीटरचे होते आणि म्यूऑन खाली पोहोचतो, इथपर्यंत वर्गालाही पटले. प्रश्न जमिनीवरच्या घड्याळाचा आहे. म्यूऑन जन्मला तेव्हा त्या घड्याळात शून्य वाजले होते, असे आपण धरतो. तो खाली आला त्या क्षणी त्याच्या शेजारी असलेल्या त्या घड्याळात ५०.१ दिसतात, आणि आपणच म्हटल्याप्रमाणे ही एका जागी घडलेली घटना असल्यामुळे म्यूऑनलाही तेच दिसले पाहिजे. पण म्यूऑनच्या हिशेबाने ते घड्याळ मधल्या काळात फक्त ०.१२५ मायक्रोसेकंद पुढे सरकले. उरलेले ४९.९७ मायक्रोसेकंद कुठून आले? लांबीच्या आकुंचनाने याचे उत्तर मिळत नाही.

वांद्रे_लोकल

बाई, आपल्या या दुसऱ्या लेखनातच उत्तर दडलेले आहे. “म्यूऑन जन्मला तेव्हा जमिनीवरच्या घड्याळात शून्य वाजले होते” या वाक्यातील “तेव्हा” हा शब्द तपासून पाहावा. म्यूऑन जन्मला १५ किलोमीटर उंचीवर आणि घड्याळ आहे जमिनीवर. एवढ्या अंतरावरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या, हे विधान आपल्या चौकटीत खरे असले तरी म्यूऑनच्या चौकटीत ते खरे नाही. कालविस्तार आणि लांबीचे आकुंचन ही जोडी पुस्तके नेहमी शिकवतात, परंतु समकालिकतेची सापेक्षता ही त्यांच्याबरोबरची तिसरी गोष्ट एका परिच्छेदात उरकतात. माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच होतो. तिसरी गोष्ट वगळली तर पहिल्या दोन एकमेकींशी विसंगतच ठरतात, आणि आपल्या विद्यार्थिनीने ती विसंगती बरोबर पकडली आहे.

हे मुंबईच्या नकाशावर मांडून पाहू. म्यूऑनचा उभा मार्ग आडवा करा. चर्चगेट ते वांद्रे हे पश्चिम रेल्वेचे अंतर जवळजवळ १५ किलोमीटर आहे आणि वांद्र्यापासून दादर साधारण ५ किलोमीटर. रूळ सरळ आहेत असे माना, प्रत्येक स्थानकावर अत्यंत अचूक घड्याळ आहे असे माना, आणि ही सर्व घड्याळे रेल्वेच्या चौकटीत एकमेकांशी जुळवलेली आहेत असेही माना. म्यूऑन वांद्र्याला जन्मतो तेव्हा वांद्र्याच्या घड्याळात शून्य असते. तो दादरवरून जाताना दादरचे घड्याळ १६.७० दाखवते आणि चर्चगेटला पोहोचताना तेथील घड्याळ ५०.१० दाखवते. फलाटावरच्या लोकांच्या दृष्टीने येथे गूढ काहीच नाही.

आता ही घड्याळे जुळवली कशी, ते पाहू. समजा वांद्रे आणि चर्चगेट यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे लोअर परळच्या आसपास, एक दिवा क्षणभर लावला आणि त्याचा प्रकाश पोहोचताच दोन्ही टोकांची घड्याळे सुरू झाली. रेल्वेच्या चौकटीत दोन्हीकडे अंतर सारखे, प्रकाशाचा वेग सारखा, म्हणून घड्याळे एकाच वेळी सुरू होतात. म्यूऑनच्या चौकटीत मात्र संपूर्ण रेल्वेमार्ग चर्चगेटकडून वांद्र्याच्या दिशेने धावतो आहे. लोअर परळहून दक्षिणेला निघालेल्या प्रकाशाला चर्चगेट सामोरे येते, तर उत्तरेला निघालेल्या प्रकाशापासून वांद्रे दूर पळत असते. प्रकाशाचा वेग याही चौकटीत दोन्ही दिशांना तोच, म्हणून प्रकाश चर्चगेटला आधी पोहोचतो आणि वांद्र्याला नंतर. त्यामुळे म्यूऑनच्या मते चर्चगेटचे घड्याळ आधी सुरू झाले. ते वांद्र्याच्या घड्याळाच्या पुढे आहे.

किती पुढे, हे लॉरेंट्झ रूपांतरणातून, म्हणजे एका चौकटीतील काळ आणि अंतर दुसऱ्या चौकटीत बदलण्याच्या सूत्रांतून, एका ओळीत निघते: वेग गुणिले रेल्वेच्या चौकटीतील अंतर, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. १५ किलोमीटरसाठी हे उत्तर ४९.९७ मायक्रोसेकंद येते. आपल्या हिशेबात कमी पडत होता तो आकडा हाच.

म्हणून म्यूऑनच्या बाजूने प्रवास असा होतो. तो जन्मला त्या क्षणी वांद्र्याच्या घड्याळात शून्य आहे, पण त्याच्या चौकटीत त्याच क्षणी दादरच्या घड्याळात १६.६६ आणि चर्चगेटच्या घड्याळात ४९.९७ वाजलेले आहेत. दादर त्याच्यापाशी येईपर्यंत त्याचे स्वतःचे ०.८३५ मायक्रोसेकंद जातात. तेवढ्या वेळात दादरचे मंद घड्याळ त्याच्या विसाव्या हिश्श्याने, म्हणजे ०.०४२ ने सरकते, आणि १६.६६ अधिक ०.०४ मिळून १६.७० होतात. चर्चगेट येईपर्यंत त्याचे २.५०५ मायक्रोसेकंद जातात, चर्चगेटचे घड्याळ ०.१२५ ने सरकते, आणि ४९.९७ अधिक ०.१२५ मिळून ५०.१० होतात. फलाटावरच्या माणसाने वाचलेला आकडा आणि म्यूऑनने वाचलेला आकडा एकच आहे. स्थानकांवरचे प्रत्येक घड्याळ मंद चालते, हे म्यूऑनचे म्हणणे खरे. आणि वाटेत भेटणारी घड्याळे एकामागून एक बरेच पुढचे आकडे दाखवतात, हेही तितकेच खरे. कारण ती वेगवेगळी घड्याळे आहेत आणि म्यूऑनच्या मते ती एकमेकांशी जुळवलेलीच नाहीत.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. “म्यूऑनचे घड्याळ मंद चालते” असे आपण म्हणतो तेव्हा एका म्यूऑनची तुलना आपल्या किमान दोन घड्याळांशी, एका वरच्या आणि एका खालच्या घड्याळाशी, करत असतो. म्यूऑन “पृथ्वीचे घड्याळ मंद चालते” असे म्हणतो तेव्हा तो पृथ्वीच्या एकाच घड्याळाची तुलना स्वतःच्या चौकटीतील दोन घड्याळांशी करत असतो. तुलना वेगवेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. मला स्वतःला हा विषय विद्यार्थिदशेत समजला नव्हता. पुष्कळ वर्षांनंतर स्थानकांची अशी यादी करून, प्रत्येकापुढे दोन चौकटींतले आकडे लिहिले, तेव्हा तो समजला.

प्रयोगवही

वरील विवेचन अचूक आहे. प्रयोगाच्या बाजूने काही भर घालतो, कारण गॅमा २० धरून केलेले गणित विद्यार्थ्यांना शिकवायला सोयीचे असले तरी प्रत्यक्षातील म्यूऑन तसा वागत नाही, आणि हे त्यांना सांगणे मला आवश्यक वाटते.

म्यूऑनची स्थिर ऊर्जा १०५.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. गॅमा २० म्हणजे एकूण ऊर्जा २.१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. परंतु वातावरणातून खाली येताना हवेतील अणूंचे आयनीभवन करण्यात म्यूऑन सुमारे २ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट गमावतो. म्हणजे आपल्या उदाहरणातील म्यूऑन जमिनीजवळ येईपर्यंत जवळजवळ थांबेल आणि वाटेत त्याचा गॅमा सतत घटत जाईल. समुद्रसपाटीला येणाऱ्या म्यूऑनची सरासरी ऊर्जा सुमारे ४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, म्हणजे ते निघताना ६ अब्जांच्या आसपास ऊर्जा घेऊन निघालेले असतात. त्यांचा आरंभीचा गॅमा ५० च्या वर असतो आणि पृथ्वीच्या चौकटीत त्यांच्या क्षयाचे सरासरी अंतर ३५ किलोमीटरहून अधिक भरते. १५ किलोमीटर त्यांना जड जात नाहीत ते यामुळे.

दुसरी बाब सरासरी आयुष्याविषयी. २.१९७ मायक्रोसेकंद ही मर्यादा नव्हे. स्थिर म्यूऑनांपैकी काही दहा मायक्रोसेकंदही टिकतात. म्हणून एखादा म्यूऑन खाली सापडला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वर किती आणि खाली किती, ही मोजणी करावी लागते, आणि तीही ठरावीक वेगाच्या म्यूऑनांची.

ही मोजणी अतिशय नेटकेपणाने करणारा प्रयोग म्हणजे फ्रिश आणि स्मिथ यांचा, १९६३ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन या १,९१७ मीटर उंचीच्या शिखरावर त्यांनी लोखंडाच्या थराखाली संसूचक, म्हणजे कण टिपणारे उपकरण, ठेवला, जेणेकरून प्रकाशाच्या ०.९९५ पट वेगाच्या आसपासचे म्यूऑनच त्यात येऊन थांबतील. असे म्यूऑन तासाला सुमारे ५६३ मिळाले. नंतर तीच उपकरणे समुद्रसपाटीजवळच्या केंब्रिजला, म्हणजे मॅसेच्युसेट्समधल्या केंब्रिजला, आणून लोखंडाचा थर कमी केला, कारण मधल्या हवेने आता काही ऊर्जा काढून घेतलेलीच होती. ही काळजी घेतली नसती तर दोन ठिकाणी वेगवेगळ्या म्यूऑनांची मोजणी झाली असती आणि तुलनेला अर्थ उरला नसता. हे अंतर कापायला सुमारे ६.४ मायक्रोसेकंद लागतात. कालविस्तार नसता तर तासाला सुमारे २७ म्यूऑन उरायला हवे होते. प्रत्यक्षात मिळाले ४०८. मोजलेला विस्तार ८.८ पट निघाला, आणि वाटेत कमी होणारा वेग लक्षात घेऊन सिद्धांताने काढलेला आकडा ८.४ पट होता. मोजमापाच्या अनिश्चिततेत दोन्ही जुळतात.

याहून कितीतरी अचूक पडताळा युरोपातील सर्न प्रयोगशाळेत झाला. तेथे १४ मीटर व्यासाच्या वलयात म्यूऑन चुंबकीय क्षेत्राने फिरवत ठेवले होते. गॅमा २९.३ होता आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात त्यांचे आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद भरले. २.१९७ ला २९.३ ने गुणून पाहावे. तफावत हजारात एक-दोन भागांइतकी किंवा त्याहून कमी आहे. या प्रयोगाची मला विशेष वाटणारी बाब अशी की वर्तुळात फिरणाऱ्या त्या म्यूऑनांवर गुरुत्वीय त्वरणाच्या दहावर अठरावा घात एवढ्या पटींचे त्वरण होते, आणि तरीही क्षयाचा काळ फक्त वेगावरच अवलंबून राहिला. शिवाय हे म्यूऑन फिरून पुन्हा त्याच जागी येत असल्यामुळे तेथे “दूरच्या दोन घड्याळांची जुळणी” हा प्रश्नच येत नाही. म्यूऑन एकच, आणि वलयाशेजारी ठेवलेले आपले घड्याळही एकच. तरी फरक उरतो. बाईंच्या विद्यार्थिनीला पुढे “मग हे सगळे जुळणीचेच खेळ आहेत का?” असा प्रश्न पडला, तर हा प्रयोग सांगावा.

भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हीच परंपरा पुढे नेली. संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगात ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण आहे आणि ती रोज सुमारे ४०० कोटी म्यूऑन नोंदवते. त्यांतील जवळजवळ प्रत्येक नोंद कालविस्तारामुळेच शक्य झालेली आहे.

परळचा_वाचक

चर्चा मन लावून वाचतो आहे. मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, म्हणून एक शंका. १५ किलोमीटर हवा ७५० मीटरमध्ये दाबली गेली, तर तिचे तापमान वाढायला नको का? आणि म्यूऑनला कमी हवा ओलांडावी लागत असेल, तर त्याच्या चौकटीत त्याची ऊर्जाही कमी खर्च होईल का?

निवृत्त_प्राध्यापक

या शंकेमुळे एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगता येईल. आकुंचन हे कोणी दाबल्यामुळे झालेले नाही. पंपात हवा दाबली की तिचे रेणू एकमेकांच्या जवळ ढकलले जातात, त्यासाठी कार्य करावे लागते आणि हवा तापते. येथे हवेला काहीच झालेले नाही. तिच्या स्वतःच्या चौकटीत ती जशीच्या तशी आहे. बदलली आहे ती एकाच क्षणी दोन टोकांची स्थाने नोंदवण्याची क्रिया, आणि “एकाच क्षणी” याचा अर्थ चौकटीनुसार बदलतो, हे वर वांद्रे_लोकल यांनी दाखवलेच आहे. लांबीचे आकुंचन हे समकालिकतेच्या सापेक्षतेचेच अपत्य आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर असे की म्यूऑनला हवा कमी लागत नाही. थराची जाडी विसाव्या हिश्श्यावर येते, पण रेणूंची संख्या तीच राहते, म्हणजे म्यूऑनच्या चौकटीत हवा वीसपट दाट असते. १५ किलोमीटर उंचीपासून समुद्रसपाटीपर्यंतच्या उभ्या स्तंभात दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ९०० ग्रॅम हवा असते आणि म्यूऑनला दोन्ही चौकटींत तेवढीच ओलांडावी लागते. त्याला भेटणाऱ्या अणूंची संख्या बदलत नाही, म्हणून तो थांबतो की खाली पोहोचतो, याबद्दलही मतभेद होत नाही.

ओघात आले म्हणून सांगतो: वेगाने जाणारी वस्तू मोजताना आखूड भरते, याचा अर्थ ती डोळ्यांना तशीच दिसेल असा नव्हे. वस्तूच्या निरनिराळ्या भागांकडून निघालेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचायला कमी-अधिक वेळ लागतो. तो हिशेबात घेतला की लहान वस्तू चपटी न दिसता वळलेली भासते, असे टेरेल आणि पेनरोज यांनी १९५९ साली स्वतंत्रपणे दाखवले. आपल्या चर्चेत “म्यूऑनला दिसते” असे शब्द आले आहेत, तिथे “म्यूऑनच्या चौकटीत मोजले असता” असे वाचावे.

शिक्षिका_गिरगाव

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळच्या तासाला मी फळ्यावर वांद्रे, दादर आणि चर्चगेट ही तीन स्थानके लिहून वांद्रे_लोकल यांनी दिलेले आकडे मांडले. लोअर परळच्या दिव्याचा भाग मुलांकडूनच काढून घेतला. चर्चगेट प्रकाशाला सामोरे येते, हे एका मुलाने सांगताच ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता तिने ४९.९७ हा आकडा स्वतः काढला. नंतर तिने एक पाऊल पुढे टाकले आणि विचारले, म्यूऑन चर्चगेटला पोहोचतो तेव्हा मागे राहिलेल्या वांद्र्याच्या घड्याळात किती वाजलेले असतात?

आम्ही काढलेले उत्तर असे. वांद्र्याचे घड्याळ म्यूऑनच्या जन्मावेळी त्याच्याशेजारीच होते आणि शून्य दाखवत होते, त्यामुळे तेथे जुळणीचा प्रश्न येत नाही. पुढच्या २.५०५ मायक्रोसेकंदांत ते विसाव्या हिश्श्याने चालले, म्हणून त्या क्षणी वांद्र्याला फक्त ०.१२५ मायक्रोसेकंद झालेले असतात. म्हणजे मुलीचा मूळ आकडा चुकीचा नव्हताच. तो वांद्र्याच्या घड्याळाचा होता आणि आम्ही तो चर्चगेटच्या घड्याळाला लावत होतो. हे बरोबर आहे का, ते कृपया तपासून सांगावे. उद्या पुन्हा तास आहे.

वांद्रे_लोकल

बाई, पूर्णपणे बरोबर आहे, आणि मी दिलेल्या उत्तरापेक्षा ही मांडणी अधिक चांगली आहे. एवढीच दुरुस्ती सुचवतो की “त्या क्षणी” या शब्दांपुढे फळ्यावर “म्यूऑनच्या चौकटीत” हे प्रत्येक वेळी लिहावे, कारण रेल्वेच्या चौकटीत त्याच क्षणी वांद्र्याला ५०.१० वाजलेले असतात. पडताळाही हाताशी आहे: म्यूऑनच्या चौकटीत चर्चगेटचे ५०.१० वजा वांद्र्याचे ०.१२५ म्हणजे पुन्हा ४९.९७. दोन घड्याळांमधला हा फरक म्यूऑनच्या जन्मावेळी जेवढा होता तेवढाच शेवटपर्यंत राहतो, कारण दोन्ही घड्याळे सारखीच मंद चालतात. उद्या वेळ मिळाला तर मुलांना दादरच्या घड्याळाचाही त्या क्षणीचा आकडा काढायला सांगावा, तो १६.६६ अधिक ०.१२५, म्हणजे साधारण १६.७८ यायला हवा.